जनुकाची दुसरी प्रत: दिवा तोच, बटण वेगळं

'जनुकाची दुसरी प्रत तयार होते, ती बदलते आणि नवं काम करू लागते.' नेट-सेटची तयारी करताना हे वाक्य आपण पाठ करतो. पण बदलतं नक्की काय? बहुतेकांचं उत्तर असतं, प्रथिन. हे उत्तर नेहमी पुरत नाही. कसं ते फळमाशीत, म्हणजे ड्रॉसोफिलात बघू. छावणीच्या बाजारात जास्त पिकलेल्या केळ्यांवर बारीक माश्या भिरभिरतात ना, त्याच कुळातली ही.

तिच्यात पेअर्ड, गूजबेरी आणि गूजबेरी न्यूरो ही तीन भावंडं जनुकं आहेत. मूळ एकच, प्रती होत गेल्या. पेअर्ड भ्रूणात लवकर चालू होतं. ते बिघडलं तर एकाआड एक खंडाचा भाग गायब होतो. गूजबेरी नंतर प्रत्येक खंडात चालू होतं, तर गूजबेरी न्यूरो मुख्यतः मज्जासंस्थेत.

1994 मध्ये ली आणि नॉल यांनी पेअर्डच्या नियामक भागाला भावंडांचा प्रथिन बनवणारा भाग जोडला आणि तो पेअर्ड नसलेल्या भ्रूणांत घातला. तिन्ही प्रथिनांच्या क्रमांत बराच फरक आहे, तरी भावंडांनी खंड पाडायचं काम निभावलं! म्हणजे दिवा तोच होता. बटण वेगळ्या खोलीत गेलं होतं.

बटण बदलतं कसं? कधी प्रत होताना नियामक भाग अर्धाच येतो. कधी आरएनएवरून उलटी बनलेली प्रत दुसरीकडे जाऊन बसते आणि तिथल्या शेजारच्या नियामक भागाच्या ताब्यात जाते. फळमाशीत अशा बऱ्याच नव्या प्रती वृषणात चालू झालेल्या दिसतात.

आता तुमच्या कामाचा मुद्दा. समजा एक प्रत मेंदूत चालू आहे, दुसरी वृषणात. लगेच 'नवं कार्य मिळालं' असं लिहू नका. मूळ जनुक दोन्हीकडे चालू असेल, तर प्रतींनी जुनंच काम वाटून घेतलंय. ते फक्त मेंदूत असेल, तरच वृषण नवं. म्हणून तिसरी नोंद हवी: जवळच्या ज्या जातीत हे जनुक अजून एकटंच आहे, तिथे ते कुठे चालू असतं? 2013 मध्ये असिस आणि बॅक्ट्रॉग यांनी मेलॅनोगॅस्टर आणि स्यूडोऑब्स्क्युरा या जातींत अशीच तुलना केली. तरुण प्रतींत काम वाटून घेणं कमी आणि नवं कार्य जास्त, असं त्यांना दिसलं.

संशोधन प्रस्ताव लिहिताना तक्त्यात हा तिसरा रकाना आधी आखा. तो रिकामा असेल, तर निष्कर्षाची घाई नको.