कॅसेट एक, सल्ले अनेक

मैत्रिणींनो, लोणच्याला बुरशी आली तर आपण हळहळतो, बरणी धुऊन पालथी घालतो आणि पुढच्या वैशाखात पुन्हा कैऱ्या आणतो. पण लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटला बुरशी आली तर? ते लग्न काही पुन्हा लागायचं नाही, आणि त्या दिवशी पंगतीत बसलेली निम्मी माणसं आता भिंतीवरच्या फोटोतच उरलेली!

१९८२ साली दिल्लीला आशियाई खेळ झाले, त्या सुमारास आपल्याकडे रंगीत टीव्ही आला. व्हीसीआर घरोघर दिसू लागले आणि बघता बघता मंगल कार्यालयात फोटोग्राफरच्या शेजारी डोळे दिपवणारा दिवा घेतलेला व्हिडिओवालाही उभा राहू लागला. त्या कॅसेट आज कुठे आहेत, पाहिलंत का कधी? बहुधा माळ्यावर, जुन्या सुटकेसमध्ये. आमच्या खारघरचंच घ्या. पावसाळ्यात पांडवकडा कोसळायला लागला की दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. तीच दमट हवा कॅसेटलाही लागते.

शिवाय कॅसेट चालवायची यंत्रंही संपत आली आहेत. व्हीसीआर बनवत राहिलेल्या शेवटच्या कंपन्यांपैकी जपानच्या फुनाईने जुलै २०१६मध्ये ते बनवणं थांबवलं. आता जी आहेत ती जुनी, दुरुस्त करून वापरलेली. २०१९मध्ये युनेस्कोच्या पुढाकाराने जगभरच्या संग्रहालयांना इशारा दिला गेला, की २०२५च्या सुमारास अशा फिती चालवून पाहणंच दुरापास्त होईल. मोठमोठ्या संस्थांची ही गत, तर आपल्या माळ्याची काय कथा? तेव्हा हे काम लांबणीवर टाकण्यासारखं नाही.

बरं, करायचं म्हटलं की सल्ल्यांना तोटा नाही. आमच्या घरी यजमानांच्या मुंजीची १९९४ सालची कॅसेट आहे. तिच्यात आजेसासरे नातवाच्या कानाशी वाकून बोलताना दिसतात. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही. ती खाली काढली मात्र, आठ दिवसांत चार सल्ले आले. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘दोन दिवस ऊन दाखव.’ भाऊजी म्हणाले, ‘वहिनी, संगणकाला लावायची छोटी पिन मिळते, घरीच करू.’ एका दुकानदाराने ‘फोर के’मध्ये करून देण्याचं आश्वासन दिलं. आणि भिशीतली मैत्रीण म्हणाली, ‘अगं, व्हीसीडी केली होतीत ना? मग कॅसेट टाकून दे!’

सगळे आपुलकीने सांगत होते. पण आपुलकी म्हणजे माहिती नव्हे. मी पाचवी-सहावीच्या वह्या तपासते. गणिताचं नुसतं उत्तर लिहिलं तर मी पूर्ण गुण देत नाही, पायऱ्या पाहते. सल्लाही तसाच तपासावा. मी चार प्रश्न ठरवले, ते तुम्हालाही उपयोगी पडतील.

पहिला प्रश्न : केलेलं परत फिरवता येईल का?

काकूंचं ऊन घ्या. पापड, डाळी, गाद्या सगळ्याला आपण ऊन दाखवतो, म्हणून कॅसेटलाही दाखवावंसं वाटतं. पण कॅसेटची फीत म्हणजे पॉलिएस्टरची पातळ पट्टी. तिच्यावर लोहाची चुंबकीय पूड एका चिकट द्रवात कालवून बसवलेली असते. उन्हाने पट्टी ताणली किंवा वाकडी झाली तर ती सरळ होत नाही. डबा कोरडा ठेवायचा असेल तर औषधाच्या बाटलीत असतात तशा सिलिका जेलच्या पुड्या घाला, आणि कॅसेट पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा.

कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेला पांढरी भुकटी किंवा तंतू दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट ‘लावून तर बघू’ म्हणून यंत्रात घालू नका. बुरशी यंत्राला लागते आणि त्यातून पुढच्या चांगल्या कॅसेटलाही. ती वेगळ्या पिशवीत ठेवून जाणकाराकडेच द्यावी. ‘यंत्राचं हेड कानकोरण्याच्या कापसाने वरखाली घासून पुसा’ हा सल्लाही तसलाच. कापसाचे धागे अडकतात आणि नाजूक टोक मोडलं तर यंत्रच गेलं.

आणि व्हीसीडी आहे म्हणून कॅसेट टाकणं? व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं असतं. आपली कॅसेट नीट उतरवली तर ७२० गुणिले ५७६ ठिपके मिळतात. म्हणजे व्हीसीडीत दोन्ही बाजूंनी साधारण निम्मंच! ती ताकासारखी समजा. ताकाचं परत दूध होत नाही. कॅसेट उतरवून झाली तरी मूळ फेकू नका.

दुसरा प्रश्न : कुठल्या कॅसेटबद्दल, कुठल्या देशाबद्दल बोलताय?

हे न विचारता सल्ला देणारा म्हणजे पेशंटला न बघता औषध देणारा डॉक्टर. आपल्याकडची पद्धत ‘पाल’. तिच्यात चित्राच्या ६२५ रेघा आणि सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेत ‘एनटीएससी’, तिच्या ५२५ रेघा आणि सेकंदाला जवळजवळ ३० चित्रं. करून दाखवणारे पुष्कळजण अमेरिकेतले असतात आणि त्यांचे आकडे तिथल्या कॅसेटचे असतात. ते पाहून आपण ५७६च्या जागी ४८० लावले, तर चित्राचा सहावा हिस्सा बारीकसारीक तपशील गेला आणि नवरा-नवरी धक्के खात चालू लागली, असं होतं. उलट आमच्या वन्सं न्यू जर्सीला असतात, त्यांनी १९९८ साली पाठवलेली वाढदिवसाची कॅसेट तिथल्या पद्धतीची. ती नुसत्या ‘पाल’च्या जुन्या यंत्रात लावली तर रंग जातो, नाहीतर चित्र लोळतं. कॅसेट बिघडली असं समजून ती टाकू नये.

कॅसेटची जातही पाहावी. काड्यापेटीहून थोडी मोठी अशी ‘मिनी डीव्ही’ कॅसेट असेल, तर तिच्यावरची माहिती आधीच आकड्यांत असते. ती फायरवायरच्या तारेने जशीच्या तशी संगणकात घेता येते. पिवळी-लाल-पांढरी वायर जोडून ती उतरवायला सांगणाऱ्याने तुमचं नुकसानच केलं समजा. मोठ्या व्हीएचएस कॅसेटला मात्र तीच वायर लागते : पिवळी चित्राची, लाल-पांढरी आवाजाची.

एकच सल्ला एका कॅसेटला बरोबर आणि दुसरीला घातक असू शकतो. ‘आधी एकदा पूर्ण पुढे नेऊन मागे गुंडाळा’ असं सांगतात. स्वच्छ, कोरड्या कॅसेटला ते चांगलं, फीत सारखी बसते. बुरशी आलेल्या किंवा चिकटलेल्या कॅसेटला तेच केलं तर ती तुटायची.

तिसरा प्रश्न : का, ते सांगता येतं का?

‘फोर के’वाल्या दुकानदाराला मी विचारलं, ‘फितीवर मुळात तेवढा तपशील असतो का हो?’ तो म्हणाला, ‘ताई, आजकाल सगळे तेच करतात.’ हे काही उत्तर नव्हे. व्हीएचएसच्या फितीवर आडवा तपशील जेमतेम २४० रेघांइतका असतो. त्याचा ‘फोर के’ करणं म्हणजे वाटीभर आमटी पातेलंभर पाण्यात वाढवणं. चेहरे उजळणाऱ्या नव्या प्रोग्रॅमचंही तेच. जे दिसत नाही ते प्रोग्रॅम अंदाजाने भरतो, आणि आजीच्या चेहऱ्यावर भलतंच नाक येतं. हौस असेल तर वेगळ्या प्रतीवर करा, मूळ उतरवलेली प्रत अस्पर्श ठेवा.

आणखी दोन गोष्टी ऐकायला मिळतील. चित्राच्या तळाशी मुंग्यांसारखी पट्टी दिसते, ‘कॅसेट खराब आहे’ म्हणतात. अहो, ती नेहमीच असायची, जुन्या टीव्हीच्या चौकटीखाली झाकली जायची इतकंच. दुसरं, हळद खेळताना हात हलला की कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. फितीवर सेकंदाला ५० अर्धी चित्रं असतात, एकदा विषम रेघा, एकदा सम. दोन्ही एकत्र दिसली की असे दात पडतात. त्यात फितीचा दोष नाही. पाहण्याच्या प्रतीत ते काढता येतात.

चौथा प्रश्न : शेवटपर्यंत तपासून पाहिलं का?

करून दाखवणारा दोन मिनिटांचा तुकडा दाखवतो आणि ‘झालं!’ म्हणतो. पण खरी खोट तासाभराने कळते. स्वस्त पिनांमध्ये आवाज हळूहळू चित्राच्या मागे पडत जातो. मंगलाष्टकं संपलेली, भटजी गप्प, तरी ‘सावधान’ ऐकू येतंय! म्हणून सुरुवात, मध्य आणि शेवट, तिन्ही ठिकाणी ओठ आणि आवाज जुळतात का पाहावं. माणसं आडवी, फुगलेली दिसत नाहीत ना, तेही पाहावं. जुनं चित्र चारास तीन या प्रमाणाचं असतं, ते रुंद पडद्यावर ताणलं की सगळ्याच जाड्या दिसतात.

या कसोटीवर भाऊजींचा सल्ला टाकाऊ ठरला नाही, अपुरा ठरला. पिनेने काम होतं, पण आधी नको असलेल्या कॅसेटवर तासभर करून पाहायचं. आम्ही एका जुन्या सिनेमाच्या कॅसेटवर पाहिलं, आवाज मागे पडला, आणि भाऊजींनीच दुसरं यंत्र मिळवलं. मुंजीची कॅसेट तोवर कपाटातच होती.

स्वतः करा किंवा दुकानात द्या, सुरुवात मात्र एका छोट्या कामाने करा. कॅसेटच्या पाठीच्या कडेला डावीकडे प्लॅस्टिकचा छोटा तुकडा असतो, तो मोडून टाका. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी पुसलं जात नाही. त्या जागी चिकटपट्टी लावलेली असेल तर ती काढा. पूर्वी कुणीतरी वर रेकॉर्ड करायला ती लावलेली असते.

दुकानदाराला हे विचारा : बुरशीची कॅसेट आली तर काय करता? ‘पाल’मध्येच उतरवणार ना? मूळ कॅसेट परत मिळेल ना? पहिल्या प्रश्नाला ‘काही होत नाही हो, लावतो’ असं उत्तर आलं तर पिशवी उचलून घरी या.

उतरवलेल्या प्रती दोन ठेवा, एक आपल्याकडे आणि एक माहेरी किंवा दिरांकडे. नुसत्या पेन ड्राइव्हवर विसंबू नका. डीव्ही पद्धतीने घेतलं तर तासाला साधारण १३ जीबी जागा लागते, त्या हिशेबाने हार्ड डिस्क घ्या.

आणि कॅसेट उतरत असताना घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा. हातात वही घ्या. ‘ही कोण? ते कुणाचे मामा?’ विचारत जा आणि किती मिनिटांवर कोण दिसलं, ते लिहून ठेवा. आमच्या सासूबाईंनी अशी एका दुपारी एकोणचाळीस नावं सांगितली. त्यांतली निम्मी माझ्या यजमानांनाही ठाऊक नव्हती.