बॅटरीआधी वायर बघा

लातूर-नांदेडात शिकवणीला आलेल्या मुलांच्या भाड्याच्या खोलीपासून चार खोल्यांच्या बंगल्यापर्यंत इन्व्हर्टर ही आता चैन राहिलेली नाही. लाईट गेल्यावर पंखा तासाभरातच बंद पडू लागला की घरमालक दुकान गाठतो आणि म्हणतो, 'दीडशेच्या जागी दोनशे वीसची द्या.' चूक इथेच होते. बॅटरीवरचा आकडा सर्वांत शेवटी ठरवायचा असतो. आधी घरातला लोड मोजायचा, मग वायर तपासायची. तीन साधे पंखे प्रत्येकी ७५ वॅटचे आणि चार एलईडी दिवे ९ वॅटचे धरले तर २६१ वॅट होतात; इन्व्हर्टरमधली गळती धरून बॅटरीवर साधारण ३१० वॅटचा भार पडतो. १२ व्होल्ट, १५० एएचच्या (ॲम्पिअर-तासांच्या) बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास असतात, म्हणजे पावणेसहा तास. पण तो आकडा वीस तास सावकाश वापरण्याचा आहे. भार वाढला की बॅटरी त्याहून कमी देते, आणि रोज तळापर्यंत उपसली तर लवकर मरते. तेच पंखे ३० वॅटचे बीएलडीसी बसवले तर लोड निम्म्याहून कमी होतो आणि बॅटरी न वाढवताच तास दुप्पट होतात.

यावर कोणी म्हणेल, मोठी बॅटरी घेतली तर बिघडले काय? लेड-ॲसिड बॅटरीला तिच्या एएचच्या साधारण दहावा भाग इतका चार्जिंग करंट लागतो. जुना इन्व्हर्टर तेवढा देत नसेल आणि लाईट वरचेवर जात असेल, तर मोठी बॅटरी कायम अर्धपोटी राहते आणि तिच्या प्लेटांवर सल्फेट साचते. मग लिथियम का नको? ती हलकी असते, खोलवर वापरली तरी टिकते आणि तिला पाणी लागत नाही. पण इन्व्हर्टरमध्ये लिथियमची सेटिंग हवी आणि किंमत जास्त. लाईट रोज तासन् तास जाते तिथेच ती परवडते. इतरांना ट्युब्युलर प्रकारची लेड-ॲसिड बॅटरी पुरे, मात्र ती सावलीत, हवेशीर जागी ठेवावी. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना तिचे आयुष्य साधारण निम्मे होते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. तिच्यात बोअरचे क्षारयुक्त पाणी कधीच घालू नये, डिस्टिल्ड वॉटरच घालावे.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती वायर. १२ व्होल्टवर साडेसहाशे वॅट काढायचे तर गळतीसह साठ ॲम्पिअरच्या पुढे करंट वाहतो. बॅटरी तीन मीटरवर असेल आणि तांब्याची वायर ६ चौरस मिलिमीटरची असेल, तर जाऊन-येऊन जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच जातो; साठेक वॅट, म्हणजे जवळपास एका पंख्याची वीज, नुसती वायर तापवण्यात जाते. २५ चौरस मिलिमीटरला हाच तोटा पाव व्होल्टवर येतो. म्हणून वायर जाड आणि आखूड घ्यावी, पॉझिटिव्ह टोकाजवळ फ्यूज लावावा आणि नट घट्ट बसवावेत. २४ व्होल्टच्या इन्व्हर्टरला दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये लागतात. त्या एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वयाच्या हव्यात, कारण जुनी नवीला सोबत ओढून नेते. एकीवर भागते म्हणून एकच बदलण्याची काटकसर शेवटी महाग पडते. बदलताना इन्व्हर्टर बंद करून आधी निगेटिव्ह काढावी आणि ती सर्वांत शेवटी जोडावी. जुनी बॅटरी भंगारवाल्याच्या हाती न देता विक्रेत्याकडेच परत करावी; २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत घेऊन पुनर्वापराला लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. आणि दुकानात भाव विचारण्याआधी एवढेच विचारा : वायर किती चौरस मिलिमीटरची देणार?