ट्रामची वीज आणि अलिबागची सुई

मुंबईत विजेची ट्राम यायची होती म्हणून अलिबागेला एक वेधशाळा बांधावी लागली. ट्राम मुंबईला आणि वेधशाळा खाडीपलीकडे, हे कसं काय?

कुलाब्याच्या वेधशाळेत १८४६ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित नोंद होत असे. टांगलेला चुंबक रोज किंचित इकडे-तिकडे हलतो, तेवढंच पाहायचं. पण हे अतिशय नाजूक काम. आणि विजेचं व चुंबकाचं नातं तोवर ठाऊक झालेलं होतं. १८२० साली डेन्मार्कमधील ओर्स्टेड या प्राध्यापकाला दिसलं, की तारेतून वीज वाहू लागली की जवळची चुंबकसूची वळते.

हा प्रयोग तुम्हीही करू शकता. बॅटरीचा एक सेल, हातभर तार आणि एक होकायंत्र घ्या. तार सुईच्या वरून, सुईला समांतर धरा आणि टोकं सेलला क्षणभरच लावा. जास्त वेळ धराल तर तार तापेल. सुई आडवी होऊ पाहते! सेल उलटा करा, सुई दुसऱ्या बाजूला जाते. वीज तारेतून वाहते, पण सुई तारेकडे ओढली जात नाही, तिच्याशी काटकोन करू पाहते. कारण प्रवाहाचं चुंबकीय क्षेत्र तारेभोवती कड्यासारखं असतं.

आता तीच तार मधोमध दुमडा आणि जाणारी व येणारी बाजू एकमेकींना चिकटवून सुईवर धरा. (तार वेष्टणाची हवी बरं का!) सुई जवळजवळ हलत नाही. दोन्ही बाजूंचे प्रवाह उलट दिशांचे, म्हणून त्यांची क्षेत्रं एकमेकांना खोडून काढतात.

ट्रामचा घोटाळा इथेच आहे. तिची वीज वरच्या तारेतून येते आणि रुळांवाटे परत जाते. परंतु रूळ जमिनीवर असल्यामुळे काही प्रवाह मातीत झिरपतो आणि भलत्याच वाटेनं दूरवर पसरतो. मग खोडाखोड पुरी होत नाही. लांब सरळ वाटेनं शंभर अँपिअर प्रवाह एकटाच जात असेल, तर शंभर मीटरवरचं त्याचं क्षेत्र मुंबईतल्या पृथ्वीच्या आडव्या क्षेत्राच्या सुमारे दोनशेवा भाग भरतं. दोनशेवा भाग म्हणजे काहीच नाही, असं आपल्याला वाटेल; पण सूर्यामुळे एरवी रोज होणारा फरक सहसा याहूनही लहान असतो. ट्रामच्या गडबडीत तो सापडावा कसा?

त्या वेळी वेधशाळेचे प्रमुख होते नानाभाई मूस. १९०४ साली अलिबागेत नवी वेधशाळा सुरू झाली, आणि दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. नाहीतर जुन्या आकड्यांशी नवे जुळवायचे कसे? इमारतीलाही पोरबंदरचा दगड आणला. आपल्या काळ्या पाषाणात लोहाचे चुंबकीय कण असतात, तो चालला नसता. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ साली, आणि १९६४ साली ती बंदही झाली. अलिबागची सुई मात्र अजून नोंद देते आहे.