हृदयाची झडप कशाची असते? ऑपरेशनआधी विचारून घ्या

‘व्हॉल्व्ह बदलावा लागेल’ असं डॉक्टरांनी सांगितलं की आपल्या घरांत खर्चाच्या पाठोपाठ एक प्रश्न हळू आवाजात निघतो: ती झडप डुकराची तर नसेल ना? प्रश्न रास्त आहे, विचारायला संकोच नको. पण आधी आपली स्वतःची झडप कशी असते ते पाहू.

हृदयात चार झडपा. रक्त पुढे जाऊ द्यायचं, मागे फिरू द्यायचं नाही, एवढंच काम; पण ते दिवसाला सुमारे एक लाख वेळा! शाळेत आम्ही मुलांना ‘एकाच बाजूला उघडणारं दार’ असं शिकवतो. खरं तर ती पातळ पाकळी असते आणि रक्ताच्या दाबानेच उघडते-मिटते. एवढ्याशा पाकळीत तीन थर असतात. एका थरात कोलॅजेनचे चिवट धागे, ते तिला फाटू देत नाहीत. दुसऱ्या बाजूला इलॅस्टिनचे लवचिक धागे, ते ताणलेली पाकळी पुन्हा जागेवर आणतात. मधला थर पाणी धरून ठेवणारा, गादीसारखा. धक्के तो सोसतो. कप्प्यांमधल्या दोन झडपांना, मायट्रल आणि ट्रायकस्पिडला, खालून बारीक दोऱ्याही असतात, म्हणून पाकळ्या वाऱ्यात छत्री उलटावी तशा उलटत नाहीत.

ऱ्हुमॅटिक फीवरमध्ये हीच रचना बिघडते. मुलांच्या घशात स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा संसर्ग होतो, त्यावर नीट इलाज झाला नाही तर काही मुलांत शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्या झडपांवरच उलटते. पाकळ्या जाड होतात, कडा चिकटतात, दोऱ्या आखडतात. म्हणून घसादुखीनंतर काही आठवड्यांनी ताप आला, सांधे सुजले तर ‘वाढीचं दुखणं’ म्हणून सोडू नका.

आता कृत्रिम झडपेकडे. एक प्रकार यांत्रिक, बहुधा धातू आणि कार्बनचा. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने बनवलेली अशी भारतीय झडप 1990 मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. ही टिकते खूप, पण रक्त पातळ ठेवण्याची गोळी जन्मभर घ्यावी लागते. मूल हवं असलेल्या मुलीच्या बाबतीत ही गोष्ट आधीच बोलावी, कारण ती गोळी पोटातल्या बाळाला अपाय करू शकते.

दुसरा प्रकार टिश्यूचा: डुकराची झडप, किंवा गाय-बैलाच्या हृदयावरच्या आवरणापासून शिवलेली. रसायनाने कोलॅजेन पक्कं केलेलं असतं, जिवंत पेशी उरत नाहीत. म्हणजे झीज भरून येत नाही. साधारण 10 ते 15 वर्षांनी, तरुणांत त्याआधीही, ती कडक होते.

तेव्हा डुकराचीच घ्यावी लागते असं नाही, पर्याय आहेत. दुसरा इलाजच नसेल तर जीव वाचवण्यासाठी तीही चालते, असं अनेक उलमा सांगतात. आपल्या मुफ्ती साहेबांना वेळेत विचारून घ्यावं. आणि डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा, की बदलण्याऐवजी दुरुस्ती किंवा फुग्याने उघडणं शक्य आहे का? पुष्कळदा नातेवाईक हे विचारायचंच विसरतात.