मिडी वाद्यांच्या सेटिंग्जचा बॅकअप: सिस्टीम एक्सक्लुझिव्ह डंप

मागच्या टिपणात आपण नोट-ऑन आणि नोट-ऑफ हे संदेश पाहिले. त्यावरून लक्षात आले असेल की सिक्वेन्सरमध्ये गाणे रेकॉर्ड केले तरी त्यात आवाज नसतो. कोणती पट्टी दाबली, किती जोरात आणि किती वेळ, एवढीच नोंद असते. आवाज वाद्यात तयार होतो आणि तो कसा तयार करायचा याची सेटिंग्ज वाद्याच्याच मेमरीत असतात.

जुन्या वाद्यांत ही मेमरी एका छोट्या बॅटरीवर टिकते. यामाहा डीएक्स-७ (१९८३) मध्ये आत ३ व्होल्टची लिथियम बॅटरी सर्किट बोर्डावर डाख देऊन बसवलेली असते. ती काही वर्षे चालते आणि मग एके दिवशी वाद्य सुरू केल्यावर तुमच्या टोनच्या जागी नुसता कचरा दिसतो. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या कोणालाही विचारा, एखादा शहनाईचा टोन जमवायला किती रात्री जातात. ऑक्टोपॅडचेही तेच. रोलँडच्या पहिल्या ऑक्टोपॅडला (पॅड-८, १९८५) तर स्वतःचा आवाजच नव्हता. कोणत्या पॅडने कोणता नोट क्रमांक पाठवायचा ही जुळणी हेच त्याचे सर्वस्व.

मिडीत याची सोय सुरुवातीपासून आहे. सिस्टीम एक्सक्लुझिव्ह, म्हणजे बोलीत सिसेक्स, हा संदेश एफ० या बाइटने सुरू होतो आणि एफ७ ने संपतो. एफ० नंतर कंपनीचा क्रमांक येतो: यामाहाचा ४३, रोलँडचा ४१, कॉर्गचा ४२ (सगळे हेक्साडेसिमलमध्ये). पुढे काय लिहायचे ते ती कंपनी ठरवते. नियम एकच: मधल्या प्रत्येक बाइटचा सर्वांत वरचा बिट शून्य हवा, कारण तो १ झाला की मिडी त्याला नवा आदेश समजते. म्हणून आठ बिटांची माहिती पाठवायची असेल तर ती तोडून, सात-सात बिटांत बसवून पाठवावी लागते.

डीएक्स-७ चे ३२ टोन एकत्र पाठवले की संदेश ४,१०४ बाइटचा होतो: ६ बाइट शीर्षक, ४,०९६ बाइट माहिती, १ चेकसम आणि शेवटचा एफ७. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. स्टार्ट आणि स्टॉप धरून एका बाइटला १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ३,१२५ बाइट. तेव्हा वर्षांची मेहनत साधारण १.३ सेकंदात वाहून जाते. एवढ्यासाठी लोक बॅकअप घ्यायचे टाळतात याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

आता कृती. वाद्याचे मिडी आउट संगणकाच्या इंटरफेसच्या इनमध्ये जोडा. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये रिकामा मिडी ट्रॅक घ्या. इथेच पहिली चूक होते: क्युबेससारख्या प्रोग्रॅममध्ये मिडी फिल्टर सिसेक्स मुळातच गाळून टाकतो. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन ती खूण काढा. मिडी थ्रू बंद ठेवा, नाहीतर डंप फिरून पुन्हा वाद्यातच शिरेल. मग रेकॉर्ड दाबा आणि वाद्याच्या मेनूतून डंप पाठवा. डीएक्स-७ वर आधी 'सिस इन्फो' हा पर्याय 'अव्हेल' करावा लागतो, त्याशिवाय 'मिडी ट्रान्समिट' दिसतच नाही.

ट्रॅकवर काहीतरी उमटले म्हणून खूश होऊ नका. स्वस्तातल्या यूएसबी-मिडी केबली नोट नीट पाठवतात, पण लांब सिसेक्समध्ये बाइट गाळतात. डंप दोनदा घ्या आणि दोन्ही सिसेक्स फाइल म्हणून साठवा. मिडी-ऑक्स हा प्रोग्रॅम विंडोजवर हे काम करतो. मग एफसी /बी या कमांडने त्या ताडून पाहा. एका बाइटचाही फरक आला तर इंटरफेस बदला. चेकसमचा उपयोगही हाच: माहितीच्या बाइटांची बेरीज अधिक चेकसम ही १२८ ने निःशेष भागली पाहिजे.

परत भरण्याची चाचणी केल्याशिवाय बॅकअप झाला असे म्हणू नये. एका बिनमहत्त्वाच्या टोनचे नाव बदला, डंप परत पाठवा आणि जुने नाव आले का बघा. आले नाही तर बहुधा पुढीलपैकी एक कारण असते. डीएक्स-७ चे मेमरी प्रोटेक्ट चालू राहिले असेल. किंवा चॅनेल जुळत नसेल: पहिला डीएक्स-७ नेहमी चॅनेल १ वरच पाठवतो, म्हणून घेतानाही १ हवा. रोलँडच्या वाद्यांत डिव्हाइस आयडी जुळावा लागतो. तो सहसा १७ असतो.

पुष्कळ जण डंप गाण्याच्या सुरुवातीलाच ठेवतात, म्हणजे प्ले दाबले की टोन आपोआप लागतो. ३२ टोनच्या डंपबाबत हे करू नका. प्रत्येक वेळी प्ले दाबताच वाद्याची मेमरी पुसून जुनी भरली जाईल, आणि मधल्या काळात केलेला बदल गेला. गाण्यात ठेवायचाच तर एकाच टोनचा डंप ठेवा. डीएक्स-७ मध्ये तो १६३ बाइटचा, म्हणजे सुमारे ५२ मिलिसेकंदांचा असतो आणि एडिट बफरमध्येच जातो. त्याच्यापुढे एक मोकळे आवर्तन सोडा. पूर्ण डंपसाठी वेगळा प्रोजेक्ट करा.

फाइलच्या नावात वाद्याचे मॉडेल आणि तारीख घाला. चॅनेल किंवा डिव्हाइस आयडी कागदावर लिहून वाद्याच्या पेटीत चिकटवा. हे सगळे झाल्यावरच बॅटरी बदलायला पेच उघडा, कारण जुनी निघाली की मेमरी गेली.