शाळा घरी, सुट्टी कुणालाच नाही!

‘कुठल्या शाळेत जातोस?’ लिफ्टमधल्या या प्रश्नाला माझा ७ वर्षांचा लेक बिनधास्त सांगतो, ‘घरीच!’ खुलासे मात्र मी देत बसते.

होमस्कूलिंगचा फंडा ऐकायला भन्नाट. पण डेडलाइन डोक्यावर असताना ‘पाऊस मोजतात कसा?’ असं विचारलं की चिडचिड होतेच. मग गॅलरीत सरळ काठांची बरणी ठेवली. मिलिमीटर मोजता मोजता पठ्ठ्याला दशांश चिन्ह कळलंसुद्धा!

टेन्शन वेगळंच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार ६ ते १४ वयाच्या मुलांना शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य आहे; न घातल्यास शिक्षेची तरतूद नाही, इतकंच. एनआयओएसमधून दहावी देता येते, तीही १४ पूर्ण झाल्यावर. तोवर पोरगं कितपत शिकलं, हे सांगणारं प्रगतिपुस्तक नाही.

तुमचं अप्रेझल वर्षातून एकदा. माझं रोज!