अनोळखी पाहुण्याचा शेरा

सरकारी विश्रामगृहाच्या टेबलावर पूर्वी एक जाड पुठ्ठ्याची वही असे. मुक्काम हलवण्यापूर्वी साहेब तीत दोन ओळी लिहीत. 'व्यवस्था समाधानकारक', 'स्नानास गरम पाण्याची सोय व्हावी', अशा धर्तीच्या. खाली सही, हुद्दा आणि तारीख. ती वही वाचायची तर आधी तेथे जाऊन उतरावे लागे. त्यामुळे तिचा धाक खानसाम्याला असे; पुढच्या उतारूला तिचा उपयोग शून्य.

आज ही वही घरबसल्या उघडता येते. मालवणला जायचे असो वा मनालीला, मुक्कामाची जागा ठरवण्यापूर्वी माणूस मोबाईलवर अगोदरच्या पाहुण्यांचे अभिप्राय वाचतो, तारे मोजतो आणि मगच पैसे भरतो. २००० साली अमेरिकेत ट्रिपअ‍ॅडव्हायझर सुरू झाले आणि प्रवाशांच्या शेऱ्यांना एक मोठी बाजारपेठ मिळाली. आता गूगलच्या नकाशावर चहाच्या टपरीलाही तारे आहेत. शेरा लिहिणारा अनोळखी, वाचणारा अनोळखी, आणि ज्याच्याविषयी लिहायचे तो मात्र नावागावासह जगासमोर उभा, असा हा व्यवहार आहे. वाचणाऱ्याने या अनोळखी माणसावर विश्वास ठेवावा तो किती आणि कशाच्या आधारे, हा माझ्या लेखाचा विषय.

या विषयात मी पडले ती माझ्या आत्यामुळे. मालवण तालुक्यात समुद्रापासून जवळच तिचे घर आहे. पडवीला लागून दोन खोल्या काढून ती पाहुण्यांची राहण्याजेवणाची सोय करते. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. त्यामुळे सुट्टीत गेले की पाहुण्यांचे शेरे मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे येते. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात असाच एक शेरा मी वाचला. इंग्रजीत अवघी दोन वाक्ये होती. त्यांचा अर्थ असा : 'कोकणात येऊन मासे नाहीत. पैसे वाया.' आणि एक तारा.

आत्या पोळपाटावर भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही. म्हणाली, "खोटां नाय लिवल्यान. सोमवार होतो." आमच्या घरात सोमवारी मासे शिजत नाहीत.

आधी ताऱ्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्यात पुष्कळांचा गोंधळ होतो. आत्याच्या खोल्यांना ४.८ तारे आहेत हे ऐकून शेजारच्या एका काकांनी "म्हणजे पंचतारांकितच की!" म्हणून कपाळाला हात लावला होता. पंचतारांकित हॉटेल म्हणतात ते तारे वेगळे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती हॉटेलची पाहणी करून, तेथील सोयी मोजून तो वर्ग देते. मिशेलिन या फ्रेंच टायर कंपनीने १९२६ पासून उपाहारगृहांना द्यायला सुरुवात केलेले तारे आणखी निराळे. तेथे पगारी परीक्षक ओळख लपवून जेवतो आणि ठरलेल्या कसोट्यांवर गुण देतो. पाहुण्याच्या ताऱ्यामागे अशी कसोटी नसते. पावसात भिजून आलेल्याचा तारा आणि वेळेवर पोहोचलेल्याचा तारा यांची बेरीज करून सरासरी काढली जाते, एवढेच.

बरे, ही सरासरी सर्वत्र एकाच मापाने निघते असेही नाही. बॉस्टनच्या काही संशोधकांनी २०१५ मध्ये एअरबीएनबीवरील लाखो घरांचे तारे तपासले. जवळजवळ ९५ टक्के घरांना साडेचार किंवा पाच तारे होते! त्याच अभ्यासात ट्रिपअ‍ॅडव्हायझरवरील हॉटेलांची सरासरी ३.८ च्या आसपास निघाली. एअरबीएनबीवर पाहुणा यजमानाला गुण देतो आणि यजमान पाहुण्याला. आणि ज्याच्या ओटीवर बसून चहा घेतला त्याला तीन तारे देताना कोणाचाही हात अडखळणारच. बुकिंग डॉट कॉमवर तर दहापैकी गुण देण्याची रीत अशी होती, की सर्वांत नाराज पाहुण्याकडूनही हॉटेलला अडीचच्या खाली गुण जाऊ शकत नसत. पुढे २०१९ मध्ये त्यांनी ती पद्धत बदलली. आमच्या विद्यापीठाने अशी सोय कधी केल्याचे ऐकिवात नाही. सांगायचे ते हे, की एका ठिकाणचे ४.५ दुसऱ्या ठिकाणच्या ३.९ शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही.

आता आत्याच्या एका ताऱ्याचा हिशेब पाहू. तोवर तिच्याकडे पाचच अभिप्राय होते : चार जणांचे पाच तारे आणि एकाचे चार. सरासरी ४.८. त्यात एक तारा पडताच सहा जणांची सरासरी ४.२ वर आली. मी वहीत गणित मांडले. पुन्हा ४.८ व्हायला लागोपाठ एकोणीस पाहुण्यांनी पाचपैकी पाच द्यायला हवे होते. दोन खोल्यांच्या घरात एकोणीस कुटुंबे यायची म्हणजे एक हंगाम जातो. उलट, ज्या मोठ्या हॉटेलाचे ४०० अभिप्राय आहेत आणि सरासरी ४.५ आहे, तेथे एक तारा पडला तर सरासरी ४.४९ होते आणि पडद्यावर ४.५ च दिसते. पाहुण्याच्या हातातला तारा एकच, पण मोठ्या इमारतीवर तो धुळीच्या कणासारखा पडतो आणि लहान घरावर धोंड्यासारखा. अमेरिकेतील मायकेल लूका या अभ्यासकाने २०११ मध्ये सिअ‍ॅटलमधील उपाहारगृहांचा असाच हिशेब मांडला होता. येल्प नावाच्या ठिकाणी एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते, असे त्याला आढळले. पण हे फक्त स्वतंत्र मालकांच्या बाबतीत. ठिकठिकाणी शाखा असलेल्या नामांकित उपाहारगृहांच्या उत्पन्नावर ताऱ्यांचा परिणाम दिसला नाही. ज्याचे नाव आधीच ठाऊक आहे, त्याच्यासाठी शेरे कोण वाचत बसेल?

एकोणीसचा तो आकडा माझ्या डोक्यातून जाईना. आणि येथे मला एक कबुली द्यायची आहे. आमच्या वर्गात एकोणीसहून अधिक विद्यार्थी आहेत, प्रत्येकाकडे मोबाईल आहे. नकाशावर शेरा लिहायला तेथे राहिल्याचा पुरावा कोणी मागत नाही. मी एका मैत्रिणीला फोन केला. तिने बिचारीने पाच मिनिटांत काम केले : 'अप्रतिम ठिकाण! आयुष्यातील अविस्मरणीय अनुभव! माझ्या कुटुंबाला अतिशय आवडले. मालवणला आलात तर येथेच या!' पाच तारे. मैत्रिणीने मालवण आजवर पाहिलेले नाही.

संध्याकाळी मी तो शेरा आत्याला वाचून दाखवला. तिने नाव पुन्हा विचारले. मग म्हणाली, "ही कोण गो? कधी इल्ली?"

आपल्या घरी जेवून गेलेला प्रत्येक माणूस तिला आठवतो, हे माझ्या हिशेबात नव्हते. मी खरे ते सांगितले. ती रागावली नाही, फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी "ता काढलंस?" म्हणून विचारले. मैत्रिणीला पुन्हा फोन करून मी तो शेरा काढायला लावला.

असले खोटे शेरे ओळखता येतात का, हे मी नंतर वाचले. २०११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी शिकागोच्या वीस हॉटेलांविषयीचे ४०० खरे स्तुतिपर अभिप्राय घेतले, आणि प्रत्येकी एक डॉलर देऊन त्याच हॉटेलांविषयी ४०० खोटे लिहून घेतले. त्यांतले काही अभिप्राय त्यांनी तीन विद्यार्थ्यांपुढे ठेवले. ते आपल्यासारखेच पदवीचे विद्यार्थी होते. त्यांतल्या सर्वांत हुशार परीक्षकाचे ६२ टक्क्यांच्या आसपास निर्णय बरोबर आले. दुसऱ्या एकाचे तर नाणे उडवून यावेत तितकेच. शब्दांची मोजदाद करणाऱ्या संगणकाला मात्र जवळपास ९० टक्के ओळखता आले. खऱ्या पाहुण्याच्या लिहिण्यात जागा येते : न्हाणीघर, मजला, खोली लहान की मोठी, किती पैसे पडले. खोटे लिहिणारा नवऱ्याविषयी, सुट्टीविषयी, एकंदर 'अनुभवा'विषयी लिहितो, कारण न्हाणीघर त्याने पाहिलेलेच नसते. माझ्या मैत्रिणीचा शेरा पुन्हा आठवून पाहावा. अर्थात ही २०११ ची खूण आज तितकी भरवशाची राहिलेली नाही. आता मजकूर लिहिणारी यंत्रे आली आहेत आणि सांगितले तर ती न पाहिलेल्या न्हाणीघराच्या फरशीचा रंगही लिहितील.

खोटे कोठे अधिक पिकते, याचाही एक अभ्यास आहे. एक्सपीडियावर ज्याने खोली घेतली त्यालाच लिहिता येते, ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर कोणालाही. तिघा अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये एकाच हॉटेलविषयीचे दोन्हींकडचे शेरे ताडून पाहिले. लहान, स्वतंत्र मालकांच्या हॉटेलांची स्तुती जेथे कोणीही लिहू शकतो तेथे प्रमाणाबाहेर जास्त होती. आणि अशा हॉटेलांच्या शेजारच्या हॉटेलांची निंदाही! म्हणजे मला सुचले ते माझ्याआधी पुष्कळांना सुचले होते. लंडनमध्ये ऊबा बटलर नावाच्या तरुणाने आपल्या अंगणातील खोपटाला 'द शेड' असे नाव दिले, मित्रांकडून शेरे लिहवून घेतले, आणि २०१७ मध्ये ते अस्तित्वातच नसलेले उपाहारगृह ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर शहरातील अठरा हजारांहून अधिक उपाहारगृहांत पहिले आले. तो विनोद होता. पण इटलीत २०१८ मध्ये असे शेरे लिहून विकणाऱ्या एकाला न्यायालयाने नऊ महिन्यांची कैद सुनावली. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये या अभिप्रायांसाठी एक मानक काढले. शेरा विकत घेतलेला नसावा, लिहिणाऱ्याची खातरजमा करावी, असे त्यात आहे. पण काढले तेव्हा ते पाळणे ऐच्छिक होते. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून खोट्या शेऱ्यांची खरेदी-विक्री नियमानेच बंद झाली.

मग प्रवाशाने करावे तरी काय? आत्याकडे येणाऱ्या फोनांवरून मला जे दिसले ते सांगते. चाणाक्ष माणूस आकड्यापाशी थांबत नाही. तो सर्वांत वाईट शेरा आधी उघडतो आणि तक्रार नेमकी कशाची आहे ते पाहतो. मग तारीख पाहतो. भर पावसाळ्यातली ओलीची तक्रार डिसेंबरात जाणाऱ्याला कशाला अडवेल? मालकाने टाकलेली छायाचित्रे सोडून पाहुण्यांनी काढलेली पाहतो. आणि सर्वांत मुख्य म्हणजे तक्रार करणाऱ्याचा स्वभाव ताडतो. आत्याच्या एका जुन्या शेऱ्यात 'टीव्ही नाही, रात्री नुसती समुद्राची गाज, करमत नाही' असे होते. ते वाचून एक निवृत्त शिक्षक पतिपत्नी मुद्दाम आले आणि चार दिवस राहिले. एकाची तक्रार दुसऱ्याला आमंत्रण ठरली. एक-तारेवाल्याने मासे नाहीत असे लिहिल्यानंतरही दोघातिघांनी फोनवर विचारले, "तुमच्याकडे मासे मिळतच नाहीत का?" त्यांना निदान विचारावेसे वाटले. ज्यांनी नुसता ४.२ पाहून पान उलटले ते किती, हे आत्याला कधीच कळणार नाही.

हॉटेलवाल्याने शेऱ्याला उत्तर द्यावे की गप्प बसावे, याविषयीही २०१७ चा एक अभ्यास आहे. उत्तरे देऊ लागलेल्या हॉटेलांचे अभिप्राय १२ टक्क्यांनी वाढले आणि तारेही किंचित वाढले. निष्कारण तक्रार करणारे कमी झाले, असे त्याचे एक कारण संशोधक देतात : मालक वाचतो आहे म्हटल्यावर माणूस जपून लिहितो. हे मी आत्याला सांगितले. ती म्हणाली, "मगे लिव." काय लिहू, यावर आमचा अर्धा तास गेला. मला आमची बाजू मांडायची होती : सोमवार होता, रीत आहे, दोन भाज्या आणि सोलकढी वाढली होती. तिला एवढेच म्हणायचे होते, की आधी सांगायला हवे होते. शेवटी तिचेच लिहिले. 'सोमवारी आमच्या घरी मासे शिजत नाहीत. हे आपणांस फोनवरच सांगायला हवे होते. चुकले. पुन्हा यावे, सोमवार सोडून.' त्या पाहुण्याने तारा बदलला नाही.

मात्र तेव्हापासून फोन आला की आत्या पहिल्यांदा वार विचारते, आणि नकाशावरील माहितीतही मी सोमवारचे लिहून टाकले. आज बारा अभिप्राय आहेत आणि सरासरी ४.५ आहे. गेल्या मे महिन्यात एक कुटुंब रविवारी आले ते मंगळवारपर्यंत राहिले. सोमवारी काळ्या वाटाण्याचे सांबारे असते का, असे त्यांनी येण्यापूर्वीच विचारून घेतले होते. जाताना त्यांनी मराठीत लांबलचक शेरा लिहिला. सांबाऱ्याची स्तुती होती, आणि शेवटी, न्हाणीघराच्या दाराची आतली कडी नीट बसत नाही, असे एक वाक्य होते. चार तारे. आत्याने ते वाक्य माझ्याकडून दोनदा वाचून घेतले आणि त्याच आठवड्यात सुताराला बोलावले.